मदत हवी आहे: क्लायंटने ‘टेबल’ केलं म्हणजे नक्की काय? (अर्जंट)

घाईत_मुग्धा (सायं. ६:४०)
क्लायंटचा मेल आलाय: ‘लेट्स टेबल द मायग्रेशन प्लॅन.’ एवढंच. लीड म्हणते, गुरुवारच्या मीटिंगमध्ये मांडायचाय, आज रात्री स्लाइड्स संपव. शेजारचा म्हणतो, बारगळलं, घरी जा. गूगल दोन्ही अर्थ दाखवतंय. ७:२० ची बस चुकली तर हिंजवडीहून कोथरूडला पोचायचे काय हाल होतात ते इथे कुणाला सांगायला नको. प्लीज एकच काय ते सांगा.

वाटसरू
क्लायंट कुठला?

घाईत_मुग्धा
बँकिंगचा. त्याने काय फरक पडतो?

वाटसरू
अहो, देश विचारतोय. ब्रिटिश माणूस ‘टेबल’ म्हणाला तर विषय चर्चेला घ्यायचा. अमेरिकन म्हणाला तर बाजूला ठेवायचा. बरोब्बर उलटं. दुसऱ्या महायुद्धात याच शब्दावरून दोन्हीकडचे अधिकारी बराच वेळ भांडले, चर्चिलने आठवणींत लिहून ठेवलंय. शेवटी कळलं की दोघांनाही हवं तेच होतं.

जुना_वार्ताहर
आपल्या विधानसभेत अहवाल ‘सभागृहाच्या पटलावर’ ठेवतात ना, ते ब्रिटिश टेबल. अमेरिकन टेबल म्हणजे आपलं ‘बासनात गुंडाळणे’. पालिकेच्या सभांना मी कैक वर्षं बसलोय, तिथे ‘दप्तरी दाखल’ ऐकलं की आम्ही वह्या मिटायचो.

पेठी_मास्तर
मुळात अर्थ विचारत फिरण्याची ही पद्धतच चूक. रोज इंग्रजी पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाचावा. एक ‘टेक ऑफ’ घ्या: विमान उडतं, बूट काढतात, सुट्टी घेतात, धंदा जोर धरतो. याद्या पाठ करून हे बसत नाही.

नळस्टॉप_७
मास्तर, तिची बस सात-वीसला आहे. अग्रलेख कधी वाचू दे?

पेठी_मास्तर
सगळ्यांना घाई. म्हणून तर ही अवस्था.

नळस्टॉप_७
आणि आपल्याकडे काय कमी गोंधळ आहे? वाट पाहणे, वाट लागणे, वाटेला जाणे, वाटेला लावणे. माझा रूममेट लखनौचा. माझ्या आईवडिलांना स्टेशनवर सोडून आला आणि दारातूनच म्हणाला, ‘काका-काकूंची वाट लावून आलो.’

चष्मेबद्दूर
मुग्धाताई, उत्तरात ‘प्रीपोन’ वगैरे लिहू नका हं. तो इंग्रजी शब्दच नाही.

वाटसरू
ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे.

चष्मेबद्दूर
आहे, पण भारतीय इंग्रजी असा शिक्का मारून. लंडनमध्ये म्हणून बघा, समोरचा नुसता बघत राहतो.

घाईत_मुग्धा (७:०५)
प्रीपोनचं कुणी विचारलं?? कंपनी बोस्टनची आहे. मेल लिहिणारी बाई मात्र लंडनची. आता?

वाटसरू
हे आधी सांगायचं होतं! आता अंदाज नकोच. मेल टाका: ‘डू यू वॉन्ट टू डिस्कस इट ऑन थर्सडे, ऑर पोस्टपोन इट?’ टेबल हा शब्द परत काढूच नका.

घाईत_मुग्धा
मला साधं इंग्रजी येत नाही असं वाटेल ना तिला.

जुना_वार्ताहर
वाटू दे. चर्चिलच्या लोकांनाही विचारायची लाजच वाटली असणार.

पेठी_मास्तर
मेलमध्ये ‘काइंडली डू द नीडफुल’ लिहायला विसरू नका. आमच्या काळी त्याशिवाय पत्र पुरं होत नसे.

चष्मेबद्दूर
मास्तर, कृपा करा. गोऱ्यांनी ते कधीच सोडून दिलंय.

घाईत_मुग्धा (रात्री ९:१५)
उत्तर आलं. पुढे ढकललंय. बाई बारा वर्षं बोस्टनला आहेत म्हणे, त्यांनाच हसू आलं. तोवर नऊ स्लाइड्स झाल्या होत्या आणि बस गेली होती. सध्या चांदणी चौकात कॅबमध्ये बसलेय, वीस मिनिटं चाक हललेलं नाही. वाटसरू, आभार.

नळस्टॉप_७
चांदणी चौकात? पूल झाल्यावरसुद्धा? कुठल्या बाजूने वळवली त्याने?

नवा_सभासद_२२ (तीन आठवड्यांनंतर)
धागा आत्ता पाहिला. टेबल हे नाम आहे, क्रियापद नव्हे. अर्थ: मेज.