'वर्स्टेड' म्हणजे नेमकी कोणती लोकर?

धागादोरा:
सुटाच्या कापडाच्या किनारीवर 'वर्स्टेड वूल' असं लिहिलेलं असतं. विणायच्या लोकरीच्या वेष्टनावरही हाच शब्द दिसतो, पण त्यातल्या काही गुंड्या तर चक्क ॲक्रिलिकच्या. ही लोकरीची जात आहे, प्रत की जाडी? 'वर्स्ट'शी काही नातं?

उभाआडवा:
'वर्स्ट'शी काहीच नातं नाही. इंग्लंडमधल्या नॉरफोकमध्ये वर्स्टेड नावाचं गाव आहे. मध्ययुगात तिथे विणल्या जाणाऱ्या कापडाला गावाचं नाव पडलं. ब्रिटिश उच्चार 'वुस्टिड', त्यात र ऐकू येत नाही.

सुटाच्या कापडावर या शब्दाने सूतकताईची पद्धत कळते. लांब तंतूंची लोकर विंचरतात, तेव्हा आखूड तंतू बाजूला निघतात आणि लांब तंतू समांतर लागतात. मग घट्ट पीळ दिला की सूत गुळगुळीत आणि बळकट होतं. 'वूलन' सुतासाठी लोकर नुसती पिंजतात. तंतू आडवेतिडवे राहतात, मध्ये हवा अडकते, म्हणूनच अशा सुताचं ट्वीड कापड फुगीर आणि ऊबदार. विंचरताना निघालेले आखूड तंतूही वाया जात नाहीत, ते वूलन सुतात जातात.

दोनसुया:
विणकामात मात्र आता हा शब्द जाडी सांगतो, म्हणून ॲक्रिलिकवरही छापतात. अमेरिकी मापात हा क्रमांक ४: सुया ४.५ ते ५.५ मिमी, १० सेंमीत १६ ते २० टाके. नमुना 'डीके' (डबल निटिंग, वर्स्टेडपेक्षा बारीक) लोकरीचा असेल तर वर्स्टेड वापरू नका. डीकेत १० सेंमीला २२ टाके धरले, तर ९९ टाक्यांची रुंदी ४५ सेंमी. वर्स्टेडमध्ये १८ टाके बसले की तेवढेच टाके ५५ सेंमी होतात. स्वेटर ढगळ होण्याचं हे नेहमीचं कारण. आधी तुकडा विणून, धुऊन, वाळवून मगच मोजा.

धागादोरा:
आणि किनारीवर काहीच लिहिलेलं नसेल तर?

उभाआडवा:
कडेचा एक धागा काढून पीळ उलगडा. लांब, सरळ, एका दिशेचे तंतू असतील तर वर्स्टेड. आखूड आणि गुंतलेले असतील तर वूलन. नुसत्या स्पर्शावर जाऊ नका, कारण वर्स्टेड सुताच्या फ्लॅनेललाही मुद्दाम लव काढलेली असते.

वर्स्टेडवर इस्त्री थेट फिरवू नका, तंतू चपटे होऊन चकाकी येते. उलट्या बाजूने, ओलसर सुती फडकं ठेवून, दाबून उचला.