ताडोबाचे प्रवेशशुल्क आणि सात जणांचा हिशेब

प्रश्न – जुळे सोलापूर
दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरचे सात जण ताडोबाला जाण्याचा विचार करत आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेली आई असेल. प्रवेशशुल्क, जिप्सीचे भाडे आणि गाइडचे मानधन असे वेगवेगळे आकडे दिसतात, तर येथील एका एजंटाने काहीही फोड न करता माणशी एकच रक्कम सांगितली. प्रत्यक्षात हिशेब कसा होतो? तसेच राज्यातील सर्व राष्ट्रीय उद्यानांत चालेल असा वर्षभराचा पास मिळतो का?

उत्तर – होटगी रोड
असा पास मिळत नाही. बोरिवलीच्या संजय गांधी उद्यानात रोज सकाळी फिरायला येणाऱ्यांना पास मिळतात, कारण ते शहरातले उद्यान आहे. व्याघ्रप्रकल्पात मात्र प्रत्येक प्रवेशद्वारातून एका फेरीला किती गाड्या सोडायच्या हे ठरलेले असते. त्यामुळे परवाना हा ठरावीक दिवसाचा, ठरावीक दाराचा आणि सकाळच्या किंवा दुपारच्या एका फेरीचाच असतो. मोहर्लीचा परवाना घेऊन कोलाऱ्याच्या दारात गेलात, तर आत सोडणार नाहीत.

खर्चाचे म्हणाल, तर एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात आणि आत दोघे असोत की सहा, गाडीचे भाडे व गाइडचे मानधन तेवढेच राहते. तुम्ही सात आहात, म्हणजे एका माणसासाठी दुसरी जिप्सी करावी लागेल आणि माणशी खर्च एकदम वाढेल. म्हणून आणखी एखादे कुटुंब सोबत घेता आले तर पाहा. शनिवार-रविवारचे दर इतर दिवसांपेक्षा जास्त असतात. मंगळवारी उद्यान बंद असते, हे रेल्वेचे आरक्षण करण्यापूर्वी ध्यानात घ्यावे.

उत्तर – अक्कलकोट रोड
आईंना नेणार असाल तर पैशांइतकाच बसण्याच्या जागेचा विचार करा. जिप्सीचा मागचा बाक चाकांवर येतो, त्यामुळे सगळे हादरे तिथे बसणाऱ्याच्या कमरेला बसतात. त्यांना चालकाच्या लगेच मागच्या बाकावर बसवावे. शिवाय त्यांना रोज दोन्ही फेऱ्या झेपतीलच असे नाही. एका फेरीला त्या मुक्कामी थांबल्या, तर उरलेले सहा जण एकाच गाडीत मावतात. अर्थात आईंना एकटे ठेवायचे की नाही, हा तुमच्या घरचा प्रश्न आहे.

कोअर, म्हणजे जंगलाच्या आतल्या गाभ्याच्या क्षेत्राचाच हट्ट धरू नये, असे माझे मत आहे. आगरझरी, देवाडा, जुनोना ही बफरची, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातली दारे आहेत. तेथे खर्च कमी येतो आणि वाघाला काही ती हद्द माहीत नसते. कोअर पावसाळ्यात बंद राहून १ ऑक्टोबरला उघडते, पण दिवाळीच्या सुमारास गवत उंच असते आणि पाणी जागोजागी असते, त्यामुळे उन्हाळ्यात पाणवठ्यावर हमखास दिसणारे प्राणी तेव्हा सहजी दृष्टीस पडत नाहीत.

प्रश्नकर्ता – जुळे सोलापूर
आभारी आहे. एजंटाकडून आरक्षण करावे का? आणि ही सगळी रक्कम शेवटी जाते कुठे?

उत्तर – होटगी रोड
अधिकृत संकेतस्थळावर स्वतःच करावे. आमच्या एका नातेवाइकांना अशाच एका मध्यस्थाने पैसे घेऊन मोबाइलवर पावतीचे नुसते चित्र पाठवले होते. दारावर पाहिले, तर त्या नावाने परवानाच नव्हता. परवान्यावरील नावे आणि मूळ ओळखपत्रे दारावर ताडून पाहतात, म्हणून आरक्षण करताना जे ओळखपत्र नोंदवाल तेच सोबत ठेवा. कोअरमध्ये मोबाइल वापरण्यास बंदी आहे, तेव्हा छायाचित्रे हवी असतील तर कॅमेरा न्यावा लागेल आणि त्याचे शुल्क वेगळे असेल.

पैशांबद्दल सांगायचे, तर वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६ च्या दुरुस्तीनुसार व्याघ्रप्रकल्पांसाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठाने स्थापन झाली आणि पर्यटकांचे प्रवेशशुल्क संवर्धनाच्या व गावांच्या कामासाठी त्यांच्याकडे वळवण्याची सोय झाली. जिप्सीवाले आणि गाइड बहुतेक आसपासच्या गावांतलेच असतात.

उत्तर – बाळे
थोडे विषयाच्या कडेचे, पण ताडोबाच्या आधी मुलांना बार्शी रस्त्यावरचे नान्नज दाखवा. १९७९ साली घोषित झालेले हे माळढोक अभयारण्य आपल्या दाराशी आहे. माळढोक दिसेल या आशेने मात्र जाऊ नका, तो आता तिथे फारच दुर्मीळ झाला आहे. काळवीट आणि नशीब असेल तर लांडगा दिसतो. अभयारण्य असल्यामुळे तिथेही वनखात्याची परवानगी लागते, ती आधीच काढून ठेवावी.