स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडणं) : फक्त कुशीवर झोपून निभावतं का?

रानजाई:
नमस्कार मंडळी, ह्यांच्या स्लीप स्टडीचा रिपोर्ट परवा हातात आला आणि तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे म्हणून विचारते. वय ४७, वजन फार नाही, पण घोरणं प्रचंड, आणि मधेच घोरणं एकदम थांबतं, मी अंधारात आकडे मोजत पडून राहते, पंधरा, वीस, पंचवीस, मग दचकून मोठा श्वास घेतात आणि परत सुरू. उताणे असले की हे सगळं, कुशीवर वळवलं की बरंच शांत. रिपोर्टमधेही तेच दिसतंय, एएचआय (म्हणजे झोपेत तासाला सरासरी किती वेळा श्वास अडतो तो आकडा) एकूण २२, उताणं ४१, कुशीवर ८. डॉक्टरांनी सीपॅप, म्हणजे झोपताना मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, सांगितलंय, हे म्हणतात मशीन नको, मी कुशीवरच झोपेन. पण झोपेत माणसाला कळतं का आपण कसे पडलोय ते? कुणी नुसतं असं निभावलंय का, खरं सांगा.

धावदोरा:
ताई, निभावतं, मी अडीच वर्षं कुशीवरच झोपतोय. माझा उताणा आकडा ३० च्या वर, कुशीवर ४ होता. बायकोने जुन्या टीशर्टला पाठीवर दोन खवाट्यांच्या मधोमध खिसा शिवला आणि त्यात मुलाचा टेनिस बॉल घातला. टीशर्ट अंगाला घट्टच हवा, ढिला असला की बॉल काखेकडे सरकतो आणि माणूस खुशाल उताणा होतो, खिशाचं तोंडही शिवून टाका. पहिले आठ दिवस सारखी जाग यायची, सोडून द्यावंसं वाटलेलं. उशी बदलल्यावर जमलं, कुशीवर झोपताना खांद्याच्या रुंदीएवढी जाड उशी लागते नाहीतर मान लटकते. बॉलला कंटाळून सोडणारे खूप असतात, त्यासाठी आता छातीला किंवा मानेला लावायचे छोटे पट्टे मिळतात, उताणं झालं की ते थरथरतात. पण मी मनाने ठरवलं नाही हां, टीशर्ट घालूनच परत स्टडी केली, ६ आली, मग डॉक्टर हो म्हणाले.

रात्रपाळी:
मी स्लीप लॅबमधे टेक्निशियन आहे. उताणं झोपलं की जीभ आणि टाळूचा मागचा मऊ भाग वजनाने घशाकडे सरकतो, झोपेत तिथले स्नायू सैल असतात, वाट बुजते. उताणा आकडा कुशीच्या दुप्पट किंवा जास्त असेल तर त्याला पोझिशनल म्हणतात, अ‍ॅप्नियाच्या निम्म्याहून जास्त पेशंटमधे असं दिसतं, तुमचा तर पाचपट आहे. तरी त्या ८ वर लगेच विश्वास ठेवू नका. रिपोर्टमधे बघा की कुशीवर असताना रेम झोप, म्हणजे स्वप्नांची झोप, किती मिनिटं झाली. रेममधे स्नायू सगळ्यात सैल असतात, त्या रात्री ती सगळी उताण्यात गेली असेल तर कुशीवरचा आकडा खरा त्यापेक्षा वाईट असू शकतो. ऑक्सिजन किती खाली गेला तेही बघा. आणि रात्री दारू किंवा झोपेची गोळी असेल तर ती आधी डॉक्टरांना सांगा.

सह्याद्रीवाला:
सगळ्यांना लागू होत नाही हे पण वाचा. माझ्या वडिलांचा उताणा ५२ आणि कुशीवर ४४. वजन जास्त. आम्ही सहा महिने उशा रचण्यात घालवले, ते दिवसा गाडी चालवताना पेंगायचे, आजही आठवलं की पोटात गोळा येतो. मशीन लावल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना म्हणाले, डोकं हलकं वाटतंय. ताई, मिस्टरांना दिवसा झोप येत असेल तर वाट बघत बसू नका.

रानजाई:
रात्रपाळी, रिपोर्ट परत उघडला. कुशीवर रेम फक्त ११ मिनिटं, बाकी सगळी उताणी. आणि हो, ऑफिसमधून येताना बसमधे दोनदा स्टॉप चुकलाय, हे मी डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं. ह्यांना तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले, सीपॅप महिनाभर ट्रायलवर घ्यायला तयार झालेत. टीशर्ट शिवते आहे तो मशीन लावूनही वापरता येईल का, हे सोमवारी विचारणार आहे.