मदत हवी आहे: पावणेपाच लाखांची जुनी डिझेल स्विफ्ट घ्यावी का?

हळदवाला

नमस्कार मंडळी. मी सांगलीचा. घरात २००८ ची पेट्रोल वॅगनआर आहे, रिपासिंग करून २०२८ पर्यंत चालेल. पण आता एसी दम तोडतोय आणि घाटात तिच्या जिवावर येतं. बदलायची आहे.

गरज अशी: महिन्यातून एकदा पुणे, बाकी मिरजेला दवाखाना आणि गावातल्या फेऱ्या. धरून चाला महिन्याला ७०० किमी. वडील वॉकर घेऊन चालतात, तो डिकीत बसला पाहिजे. आईचे गुडघे दुखतात. बजेट सगळं धरून ५ लाख, ओढूनताणून सव्वापाच.

इथल्याच एका डीलरकडे स्विफ्ट डिझेल बघितली. ऑक्टोबर २०१८ ची, एमएच ०८ पासिंग, दुसरा मालक, ६१ हजार किमी, रंग एकदम चकाचक. सांगतोय ४ लाख ८५, पावणेपाचला देईल असं वाटतंय. त्याचं म्हणणं, "कंपनीने डिझेल बंद केलं, असं इंजिन आता नवीन मिळत नाही, उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय." रविवारपर्यंत २५ हजार टोकन मागतोय. माझी वॅगनआर ६० हजारांना घ्यायला तयार आहे.

मेव्हणा म्हणतो डोळे झाकून घे. मला डोळे उघडे ठेवून घ्यायची आहे. गाडी बरी वाटते, पण काय बघायचं राहतंय ते सांगा. आणि डिझेल घ्यावं की नाही, तेही.

पान्हा नंबर दहा

कंपनीने डिझेल बंद केलं हे खरं आहे. एप्रिल २०२० ला बीएस ६ (धुराचे नवे कडक नियम) आलं तेव्हा मारुतीने डिझेल सोडलं. ते १२४८ सीसीचं इंजिनही चांगलं आहे, वाद नाही. पण इंजिन चांगलं म्हणून ही गाडी चांगली असं होत नाही.

आधी हिशेब करू. ७०० किमी महिना म्हणजे वर्षाला ८४०० किमी. पेट्रोलची गाडी १६ चा अॅव्हरेज देते धरा, १०५ रुपये लिटरने किमीला साधारण साडेसहा रुपये. डिझेल २१ देते, ९१ ने सव्वाचार-साडेचार. फरक सव्वादोन रुपयांचा, म्हणजे वर्षाला १८-१९ हजार. तेवढ्याच वयाची, तेवढीच चाललेली पेट्रोल गाडी लाखभर स्वस्त मिळत असेल तर डिझेलचे ते लाख वसूल व्हायला पाच वर्षं जातात. मध्ये एखादा इंजेक्टर किंवा टर्बो गेला की हिशेब पुन्हा पहिल्यापासून. वर्षाला २० हजारांच्या वर चालवणाऱ्याने डिझेल घ्यावं. तुम्हाला त्याची गरज नाही.

एक बरं, २०१८ चं असल्याने बीएस ४ आहे, डीपीएफची, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, भानगड नाही. बीएस ६ डिझेल घेऊन गावातल्या गावात फिरवणारे माझ्याकडे चेक लाइट घेऊन येतात. तो फिल्टर साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर ताणून चालवावी लागते.

दापोलीकर

एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी जिल्हा. चिपळूण त्यातच येतं. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात काय झालं ते आठवा. त्या पुरात बुडालेल्या गाड्या नंतर कुठे गेल्या असतील? घाट चढून वर आल्या.

सांगलीकराला पुराची गाडी कशी ओळखायची ते मी सांगायचं म्हणजे अवघडच, तुम्ही २०१९ आणि २०२१ दोन्ही पाहिलेत. तरी बघाच: सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. धुणारा माणूस सीट धुतो, गालिचा बदलतो, पण बेल्टचा आत गुंडाळलेला भाग विसरतो. तिथे गाळाची रेघ दिसते. मग स्टेपनी काढून खालचा पत्रा, सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डखाली वायरिंगचे कप्लर. हेडलाइटच्या आत धुकं आहे का तेही. गाडीत उग्र अत्तर मारलं असेल तर काचा लावून दहा मिनिटं बसा, एसी बंद ठेवून.

पान्हा नंबर दहा

+१. आणि डीलरच्या पार्किंगमध्ये नुसती बघू नका. रविवारी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, थंड इंजिनावर स्वतः चालू करा. आधीच तापवून ठेवली असेल तर परत या आणि दुसऱ्या दिवशी जा. थंड इंजिन खरं बोलतं.

कागदी घोडे

यंत्रावर बोलायला लोक आहेत, मी कागदाचं सांगतो. जुन्या गाडीत इंजिन बिघडलं तर पैसे जातात, कागद बिघडला तर गाडीच नावावर होत नाही.

१. आरसी. एमपरिवहन अॅपवर नंबर टाका. 'हायपोथिकेशन' (गाडीवरच्या कर्जाचा बोजा) समोर बँकेचं नाव दिसतंय का? दिसत असेल तर कर्ज फिटलं असं तोंडी सांगून चालत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हवा. डीलर म्हणेल "दोन दिवसांत आणून देतो." मग दोन दिवसांनी टोकन द्या.

२. विमा. चालू पॉलिसीची प्रत मागा, त्यात एनसीबी (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) किती लिहिलाय बघा. क्लेम न घेतलेल्या मालकाला पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० मिळतो. २०१८ च्या गाडीवर ५० ऐवजी शून्य दिसला तर कुणीतरी क्लेम घेतलाय. कधी, कशाचा, ते विचारा.

३. ई-चलन. महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की दिसतात. बाकी चलन असतील तर ट्रान्सफरच्या वेळी तुमच्याच गळ्यात येतात.

४. ट्रान्सफरच्या फॉर्म २९ आणि ३० वर आरसीवरच्या मालकाची सही हवी, डीलरची नव्हे. तो मालक आज कुठे आहे? डीलरने त्याच्याकडून कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन ठेवल्या असतील, हे सर्रास चालतं. मालकाशी एकदा फोनवर तरी बोला. डीलर नंबर देत नसेल तर तेच उत्तर समजा.

अश्विनी_म

कागदी घोडे, एनसीबीचं थोडं दुरुस्त करते. एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली की नव्या मालकाचा शून्यापासून सुरू होतो. दुसऱ्या मालकाने दीड वर्षापूर्वी घेतली असेल तर त्याच्या पॉलिसीत २० च दिसेल आणि त्यात काही वावगं नाही. शिवाय पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तरी एनसीबी जातो. म्हणून दोन्ही मालकांच्या काळातल्या पॉलिसी बघाव्या लागतात, एका कागदावरून निष्कर्ष नको.

कागदी घोडे

बरोबर, मान्य. आरसीवर ट्रान्सफरची तारीख असते, तिच्याशी ताडून बघा.

उंटावरचा

एवढं सगळं बघत बसलात तर गाडी दुसरा घेऊन जाईल. माझ्या मते गाडी आवडली, एक चक्कर मारली, घेऊन टाकली. आयुष्य एकदाच.

पान्हा नंबर दहा

@उंटावरचा, असेच लोक आहेत म्हणून माझं गॅरेज चालतं. धन्यवाद.

हळदवाला

एवढे प्रतिसाद पाहून बरं वाटलं. आज अॅपवर बघितलं. आरसीवर एका बँकेचा बोजा दिसतोय. दुसऱ्या मालकाच्या नावावर २०२३ मध्ये आली. विमा मार्चमध्येच संपलाय. डीलर म्हणतो, "विमा मी करून देतो, बोजा काढायला आपला माणूस आहे." मालकाचा नंबर मागितला तर म्हणाला तो दुबईला असतो.

दोन शंका. एक, त्याने दाखवलेल्या ६१ हजार किमीवर विश्वास ठेवावा का? दोन, तो म्हणतो या मॉडेलची नवीन गाडी साडेआठ-नऊ लाखांना होती म्हणून पावणेपाच रास्त आहे. हे खरं मानावं का?

पान्हा नंबर दहा

मीटर मागे फिरवायला लॅपटॉप आणि अर्धा तास पुरतो. त्यामुळे मीटर सोडून बाकीच्या गोष्टी बघायच्या. क्लच आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगची घासलेली कड, ड्रायव्हर सीटचा बाहेरचा काठ. टायरच्या कडेला चार आकडे असतात: '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ६१ हजारांच्या गाडीला मूळ टायर असू शकतात किंवा एक जोड बदललेला. चारही टायर २०२४ चे आणि स्टेपनी २०१८ ची जमिनीला लागून झिजलेली, तर विचारा. काचेच्या कोपऱ्यात सालाचा आकडा असतो. सगळ्या काचा एका सालच्या आणि एकच वेगळी, तर ती काच फुटली होती. का फुटली?

सगळ्यात सोपं म्हणजे कंपनीच्या कुठल्याही अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन नंबर सांगून सर्व्हिस रेकॉर्ड विचारायचं. शक्यतो मालकाला किंवा डीलरला बरोबर घेऊन जा, मग नाही म्हणत नाहीत. प्रत्येक सर्व्हिसला किमी टाकलेले असतात, तिथे मीटर फिरवता येत नाही.

अश्विनी_म

दुसऱ्या शंकेचं मी सांगते. २०१८ ला नवीन केवढ्याला होती हे विसरा. आज तसलीच नवीन गाडी केवढ्याला मिळते ते धरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्के झालाय, त्याआधी २८ टक्के आणि वर सेस होता. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी घ्या: २९ टक्क्यांवरून १८ म्हणजे शोरूमची किंमत जवळपास साडेआठ टक्के उतरली. नवी उतरली की जुनीलाही उतरावं लागतं. अनेक डीलर अजून आधीच्याच भावाने बोलतात, कारण त्यांनी स्टॉक तेव्हाच्या भावाने उचललेला असतो. त्यांचा तोटा तुम्ही का भरायचा?

आणि 'सगळं धरून ५ लाख' म्हणताय ना, मग गाडीला पाच देऊ नका. पूर्ण विमा, ट्रान्सफरचा खर्च, टायर, बॅटरी, एक मोठी सर्व्हिस, शिवाय एचएसआरपी पाटी (सुरक्षित नंबरप्लेट) बसवली नसेल तर ती. निदान ४०-५० हजार बाजूला काढा. म्हणजे तुमची गाडी साडेचारची.

दापोलीकर

आईच्या गुडघ्यांचा विषय कुणीच काढला नाही. स्विफ्ट बुटकी आहे, तिच्यात बसताना खाली वाकून बसावं लागतं आणि उठताना हात धरावा लागतो. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "जावईबापू, ही गाडी तुम्हीच चालवा." डिकीही २६८ लिटरची, वॉकर उभा-आडवा करून बघा. तुमची जुनी वॅगनआर होती ना? २०१९ पासूनची १.२ वॅगनआर बघा, सीट उंच आणि डिकी ३४१ लिटर. आईबाबांना घेऊन जा आणि त्यांना बसवून-उठवून बघा. त्याइतकी चांगली टेस्ट ड्राइव्ह नाही.

पान्हा नंबर दहा

दापोलीकरांशी सहमत. फक्त वॅगनआर घेताना दोन गोष्टी बघा. पिवळ्या पाटीवर धावलेल्या बऱ्याच गाड्या नंतर खासगी करून विकतात. आरसीवर, विम्यावर आधीचा वर्ग दिसतो, नाहीतर आरटीओत विचारा. दुसरं म्हणजे सीएनजी. मोह होईल, पण टाकी डिकी खाते, वॉकर कुठे ठेवणार? बाहेरून बसवलेलं किट असेल तर ते आरसीवर चढलेलं हवं आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालेली हवी. नसेल तर नको.

कागदी घोडे

दिल्ली पासिंगच्या स्वस्त गाड्यांच्या जाहिरातीही आता तुम्हाला दिसायला लागतील, म्हणून आधीच लिहितो. तिकडे १० वर्षांच्या डिझेलवर आणि १५ वर्षांच्या पेट्रोलवर निर्बंध आले म्हणून त्या गाड्या इकडे ढकलतात. इथे आणली की फॉर्म २८ ची एनओसी, महाराष्ट्राचा रोड टॅक्स पुन्हा, आणि तिकडचा टॅक्स परत मिळवायला हेलपाटे. जाहिरातीतली किंमत अर्धीच असते.

जुनी वॅगनआर एक्स्चेंजला देताय ना, तिकडेही लक्ष द्या. डीलरला किल्ली आणि कोरे सही केलेले फॉर्म देऊन मोकळे होऊ नका. गाडी नावावरून गेली नाही तोवर कायद्याने मालक तुम्हीच. अपघात झाला तर नोंदणीकृत मालकावरच भरपाई येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय. १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरसाठी फॉर्म २९ सी आहे: गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची आरटीओला सूचना. तो भरून पोच घ्या. डीलरकडे अधिकृत परवानाच नसेल, तर वॅगनआर थेट गिऱ्हाइकाला विका, ट्रान्सफर स्वतः उभं राहून करा.

हळदवाला

मंडळी, आज सकाळी जाऊन आलो. गाडीचं बॉनेट गरम होतं. मी काही बोललो नाही. सीटबेल्ट ओढला, मागच्या डाव्या सीटचा. शेवटच्या वीतभर भागात पिवळसर रेघ आणि पकडला तर बोटाला मातकट. स्टेपनीच्या खाली नवा काळा रंग मारलेला, तोही फक्त तेवढ्याच जागी. डीलरला दाखवलं तर म्हणाला, "पाऊस कुठे पडत नाही साहेब?" आणि लगेच १५ हजार कमी केले. मी टोकन दिलं नाही.

मेव्हणा नाराज आहे. आई खूश आहे, कारण तिला ती गाडी मुळातच आवडली नव्हती, विचारलं कुणी नव्हतं इतकंच.

आता पेट्रोल वॅगनआर १.२ च शोधतोय. कोल्हापुरात एक २०२० ची आहे, पहिलाच मालक, स्वतः विकतोय, साडेचार म्हणतोय, ३८ हजार किमी. आरसीवर बोजा नाही, चलन नाही. सर्व्हिस रेकॉर्डसाठी त्याच्याबरोबर गुरुवारी सर्व्हिस सेंटरला जाणार आहे. पान्हाभाऊ, कोल्हापुरात किंवा मिरजेत गाडी लिफ्टवर चढवून खालून बघून देणारा कुणी ओळखीचा मिस्त्री आहे का? त्याची फी मी देईन.

पान्हा नंबर दहा

आहे. व्यक्तिगत निरोप पाठवतो. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की लिफ्टवर चढवणार आहोत, आणि सस्पेन्शनचे बुश, सायलेन्सरचा गंज, गिअरबॉक्सची गळती एवढं तरी बघायला सांगा. ओबीडी स्कॅनरही (गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्ट कोड वाचणारं यंत्र) लावून घ्या. काही मिटवलेले फॉल्ट कोड असतील तर 'मॉनिटर अजून पूर्ण नाहीत' असं दिसतं, म्हणजे येण्याआधीच कुणीतरी बॅटरी काढलीय किंवा कोड पुसलेत.

अश्विनी_म

आणि नक्की झालं तर ट्रान्सफरचा अर्ज करून थांबू नका. विमा कंपनीलाही १४ दिवसांच्या आत कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. थर्ड पार्टी आपोआप तुमच्याकडे येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम जुन्या मालकाच्या नावाच्या पॉलिसीवर अडकतो.

हळदवाला

नोंद केली. गुरुवारी रात्री इथेच लिहितो.