सेशन नोट्स लिहिता लिहिता रात्र होते, तुम्ही कसं उरकता?

स्पीचवाली_नाशिक: बीएएसएलपी (स्पीच थेरपी आणि ऑडिओलॉजीची डिग्री) झालं, आता एका स्पीच थेरपी सेंटरला लागलेय. एक मूल बाहेर पडेपर्यंत पुढचं दारात उभं, त्यामुळे नोट्स घरी जाऊन लिहिते आणि तोवर कोण काय बोललं याची डोक्यात पार खिचडी. शेवटी "छान सहकार्य केलं, क चा सराव घेतला" लिहून मोकळी होते. सिनियर मॅडम म्हणतात यातून काही कळत नाही. सोप फॉरमॅटने (घरच्यांनी काय सांगितलं, सेशनमध्ये काय दिसलं-मोजलं, त्याचा अर्थ काय, पुढे काय करायचं) लिहायला गेलं की एकेका मुलाचं पान भरतं. काय करू?

ळ_वाली_ताई: मॅडमचं बरोबर आहे गं. क चा सराव म्हणजे नुसता 'क', की 'का-की-कू', की शब्द, की वाक्य? सुरुवातीचा क ('कप') की शेवटचा ('नाक')? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मदत किती दिली. समज पोरगं 'कप'ला 'तप' म्हणतंय, तर मी एवढंच लिहीन:

"आई: घरी 'काका' नीट म्हणाला. क, शब्दाच्या सुरुवातीला, चित्रं बघून: जिभेचं टोक खाली धरायची खूण करून 14/20, खुणेशिवाय 3/10, चुकले ते सगळे त. मदतीने जमतंय, आपणहून नाही. पुढे: खूण कमी करत जायची, घरी 5 चित्रं."

झाला की सोप, चारही भाग आले. नुसतं 70% लिहिलं असतंस तर तुझ्या सुट्टीत दुसरी कोणी थेट वाक्यांवर गेली असती.

टॅली_मार्क: +1. फक्त सगळं सेशन मोजत बसू नकोस, मुलं पेनाकडेच बघत बसतात, बरोबर आलं की चूक ते तुझ्या हातावरून ओळखतात. मी सुरुवातीला 10 शब्द मदतीशिवाय विचारतो, चित्रांच्या कागदाच्या कोपऱ्यात रेघा मारतो, मग पेन बाजूला. अधूनमधून 'गाय'-'गाडी' पण विचारून बघतो, न शिकवता ग सुधारला तर तेही नोटमध्ये. शेवटची 3-4 मिनिटं पोराला स्टिकर लावायला देऊन तिथेच टाईप करतो.

ळ_वाली_ताई: शेवटची मिनिटं आईची असतात हो, तेव्हा स्क्रीनकडे बघत बसलं की त्या काही सांगतच नाहीत. मी त्यांच्याशी बोलता बोलताच घरचा अभ्यास लिहिते, त्यांच्यासमोर, साध्या मराठीत. आणि ते "छान सहकार्य" काढून टाक गं, कामात फरक पडला तरच लिही, म्हणजे "सर्दी, अर्ध्यात टेबलाखाली गेला, 20 ऐवजी 12 शब्दच झाले".

स्पीचवाली_नाशिक: हे भारी आहे, थँक्यू दोघांना. पण अडीच-तीन वर्षांची जी बोलतच नाहीत त्यांचं काय, तिथे बरोबर-चूक काय मोजणार? आणि व्हॉइस नोट करून स्वतःलाच व्हॉट्सॲपवर पाठवली तर?

टॅली_मार्क: नावासकट अजिबात नको, फोन घरी कोणाच्याही हातात असतो. बोलायचंच असेल तर फाईल नंबर बोल, उतरवलं की डिलीट.

ळ_वाली_ताई: छोट्यांचं, मूल जे करतं ते जसंच्या तसं. "बुडबुडे मागताना: बोट दाखवलं 6 वेळा, हात ओढला 4, शब्द 2 ('दे', 'अजून'), दोन्ही मी थांबून वाट बघितल्यावर." पुढच्या महिन्यात हात ओढणं कमी आणि 'दे' जास्त दिसलं की आईला तीच दोन पानं शेजारी ठेवून दाखव. आणि तुझे शॉर्टफॉर्म सेंटरमधल्या बाकीच्यांना कळतात का ते एकदा विचार, आमच्याकडे 'व्ही.सी.' म्हणजे एकीचं व्हर्बल क्यू (बोलून दिलेली मदत) आणि दुसरीचं व्हिज्युअल क्यू (दाखवून दिलेली मदत) होतं.