डीबीएस असलेल्या बाबांच्या कमरेचा एमआरआय करायचा आहे, अनुभव असल्यास कृपया सांगा

नमस्कार मंडळी,

बाबांना (वय ७१) पार्किन्सन्स आहे. २०१३ साली डीबीएस (डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूला विजेचे सौम्य स्पंद देऊन थरथर कमी करणारं यंत्र बसवण्याचं ऑपरेशन) झालं. मेंदूत दोन्हीकडे इलेक्ट्रोड, कानामागून मानेत उतरणारी वायर आणि उजव्या कॉलरबोनखाली बॅटरी. डोक्याला तेल लावताना ती वायर बोटांना सुतळीसारखी लागते. २०१८ मध्ये बॅटरी बदलली, वायरी जुन्याच आहेत.

महिनाभर कमरेतून डाव्या पायात कळ जाते आहे, म्हणून ऑर्थोपेडिकने एमआरआय लिहून दिला. सेंटरच्या फॉर्मवर ‘पेसमेकर आहे का?’ एवढंच होतं. आईने ‘नाही’ लिहिलं, कारण बाबांना हृदयाचा त्रास नाहीच. गाऊन घालताना टेक्निशियनला छातीवरचा उंचवटा दिसला आणि त्याने तिथेच थांबवलं. त्या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

घरी येऊन वाचायला बसले आणि हातपाय गार पडले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका केसमध्ये डीबीएसच्या रुग्णाचा कमरेचाच एमआरआय केला होता, तोही १ टेस्लाच्या, म्हणजे तुलनेने कमी ताकदीच्या चुंबकाच्या मशीनवर. इलेक्ट्रोडजवळ रक्तस्राव होऊन मेंदूला कायमची इजा झाली. मी समजत होते की धोका फक्त चुंबकाचा. पण स्कॅनच्या रेडिओ लहरी वायर अँटेनासारखी झेलते आणि इलेक्ट्रोडचं टोक तापतं, म्हणजे थेट मेंदूत! काही सिस्टिमना ठरावीक अटींवर एमआरआय चालतो, पण त्यासाठी इलेक्ट्रोड, वायर, बॅटरी असे सगळे भाग एमआरआयला चालणाऱ्या भागांच्या यादीत बसावे लागतात. नुसती बॅटरी नवी असून भागत नाही.

आमच्या कार्डावर फक्त बॅटरीचा मॉडेल नंबर आहे. ऑपरेशन केलेले सर निवृत्त झाले. जुन्या वायरींचे नंबर तुम्ही कुठून मिळवलेत? कंपनीच्या माणसाने दिले का? स्कॅनआधी वायर तुटलेली नाही ना, हे कुणी आणि कसं तपासलं? डीबीएस बंद ठेवावं लागलं का? बंद केलं की थोड्याच वेळात बाबांचा हात जोरात थरथरतो, मग अर्धा तास स्थिर कसे पडून राहणार? की कुणाचं सीटी स्कॅनवर निभावलं?

गुरुवारी न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं आहे, त्याआधी कळलं तर नेमकं विचारता येईल.

ता. क. फिजिओथेरपीत डायथर्मीचा (मशीनच्या लहरींनी शरीराला आतून ऊब देणारा) शेक सुचवला होता. डीबीएस असेल तर तो शरीरावर कुठेही घ्यायचा नसतो. २००१ मध्ये त्यानेही एका रुग्णाच्या मेंदूला गंभीर इजा झाल्याची नोंद आहे. घरात कुणाचं डीबीएस झालं असेल तर आजच सांगून ठेवा.