माडाची चुडतं कापली की सोंड्या येतो का?

बार्देसचा_माड:
माड १२ वर्षांचे, बाग हेक्टरभर. खालच्या चुडतांवर काळ्या डोक्याची अळी आहे. पानं जाळल्यासारखी दिसतात, पाठीमागे जाळी आणि विष्ठेचे बोगदे. गोनियोझस (अळीवर वाढून तिला मारणारी बारीक गांधीलमाशी) सोडायचा विचार आहे. पाडेली (नारळ पाडणारा) म्हणतो, आधी सगळी खराब चुडतं उतरवूया. पण कापल्यावर जो वास सुटतो त्यावर खोड पोखरणारा सोंड्या भुंगा येतो म्हणतात. मग अळीने खाल्लेल्या पानावर तो का येत नाही?

कीटक_निरीक्षक:
कारण ते वास वेगळे. पान फाटलं की काही सेकंदांत कापलेल्या गवतासारखा वास येतो. पानातल्या लिनोलेनिक आम्लापासून हेक्सेनालसारखी द्रव्यं तयार होतात, त्यांचा तो. कोयत्याचा घाव एकदाच बसतो, वास विरतो. अळी मात्र दिवसरात्र चरते, त्यामुळे तो सुटतच राहतो आणि त्यात तिच्या बोगद्याचा वास मिसळतो. गोनियोझसची मादी या मागावर अळी गाठते, डंख मारून तिला लुळी करते आणि अंगावर अंडी घालते.

म्हणून सगळी चुडतं उतरवू नका, माग आणि अळी दोन्ही जातील. पार करपलेली खालची दोन-तीनच काढून जाळा. अळ्या मोठ्या झाल्या की माडामागे २० गोनियोझस सोडा. सोडण्याआधी त्यांच्या नळीत बोगद्याचे तुकडे ठेवले तर त्या वासाला सरावतात आणि अळी लवकर शोधतात. या काळात कीटकनाशक फवारलंत तर आधी गोनियोझसच मरतील.

फोंडा_कुळागर:
सोंड्याला ओढतो तो आंबणाऱ्या रसाचा वास, म्हणजे इथेनॉल, इथाइल अ‍ॅसिटेट. हिरवं चुडत खोडाला लागून छाटलं की रस तिथेच आंबतो आणि मादी त्या जखमेत अंडी घालते. देठ १२० सेंमी ठेवून कापायला सांगा, म्हणजे देठात निघालेली अळी खोडापर्यंत पोचत नाही. खोडावर घाव बसलाच तर लगेच डांबर लावा.

त्याहून वाईट गेंड्या भुंग्याची भोकं. शेंड्यात चोथा दिसला की हुकाने भुंगा ओढून काढा आणि वरच्या तीन चुडतांच्या बेचक्यांत २५० ग्रॅम निंबोळी पेंड तेवढ्याच वाळूत मिसळून भरा. ती भोकं उघडी राहिली की मागोमाग सोंड्या आलाच.

बार्देसचा_माड:
सोंड्याचा कामगंध सापळा कुठल्या माडाला बांधू?

कीटक_निरीक्षक:
माडाला नकोच. सापळ्याच्या गोळीत सोंड्याचा गंध असतो, फेरुजिनिऑल. त्यावर नर-मादी दोन्ही येतात, पण सगळे बादलीत पडत नाहीत. उरलेले शेजारच्या माडात शिरतात. बांधावरच्या आंब्याला किंवा काजूला टांगा, हेक्टरी एक पुरे. बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळा, भुंग्याला चढता येतं. आतली बाजू गुळगुळीतच हवी. आत लिटरभर पाणी आणि पिकलेलं केळं किंवा उसाचे तुकडे. दर आठवड्याला आमिष बदला. पाणी आटलं की आंबणं थांबतं. नुसत्या गंधगोळीवर भुंगे फार कमी येतात.